घराण्यातला रोग : परळच्या संशोधनाचा एक इतिहास

‘त्यांच्या घराण्यात तो रोग आहे’ हे वाक्य आपल्याकडे मोठ्याने कोणी बोलत नाही. ते माजघरात बोलले जाते, सोयरिकीच्या बैठकीत कानाशी लागून बोलले जाते आणि एखाद्या मुलीचे लग्न मोडण्यास तेवढे पुरते. त्याच्याच शेजारी दुसरे एक वाक्य असते : ‘हिची मुले जगत नाहीत.’ या दोन वाक्यांनी आपल्या समाजातील किती स्त्रियांचे आयुष्य करपून गेले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. रोग झाला तर तो तिच्या माहेरचा, मूल गेले तर ते तिच्या पायगुणाने, असा निवाडा करून आपण मोकळे होत आलो.

या दोन्ही वाक्यांत एक प्रश्न दडलेला आहे. रक्तातून काय येते, आणि काय येत नाही? आईबापांकडून लेकराला डोळ्यांचा रंग मिळतो, नाकाची ठेवण मिळते. त्याचप्रमाणे कर्करोगही मिळतो काय? गर्भ पोटात वाढतो किंवा मध्येच नष्ट होतो, यात वारशाचा भाग किती आणि शरीराच्या संरक्षक शक्तीचा किती? हा प्रश्न जगभर विचारला गेला. परंतु त्याच्या उत्तराचा बराच महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रात, आणि तोही मुंबईच्या परळ या एका गिरणगावच्या वस्तीत शोधला गेला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. आज आम्ही तोच इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत.

परळ म्हटले की आपल्याला गिरण्यांचे भोंगे आणि कामगारांच्या चाळी आठवतात. परंतु त्याच परळात १८९९ साली प्लेगवरील लस करणारी हाफकिन यांची प्रयोगशाळा जुन्या गव्हर्नर-निवासात आली. १९२६ साली शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. पुढे १९७० साली प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही परळातच स्थापन झाली. म्हणजे रक्त, कर्करोग आणि प्रजनन या तिन्ही विषयांचे संशोधक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर काम करीत होते.

टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. मूळचे गोमंतकीय घराणे, लंडनला घेतलेले विकृतिशास्त्राचे शिक्षण आणि स्वभावात एक चिवट कुतूहल. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा पाहायचा आणि ती गाठ साधी की मारक ते सांगायचे, एवढेच विकृतितज्ज्ञाचे काम अशी तेव्हाची समजूत होती. खानोलकरांनी तुकड्याबरोबर माणूसही पाहिला. हा रोगी कोणत्या समाजाचा? तो काय खातो, काय चघळतो, लग्न कोणत्या वयात होते, मुले किती?

मुंबईसारखे शहर अशा प्रश्नांना फार सोयीचे होते. एकाच हवेत, एकाच पाण्यावर निरनिराळ्या समाजांचे लोक राहतात, पण त्यांचे आचार वेगळे आणि विवाह आपापल्या समाजातच होतात. रुग्णालयाच्या नोंदी वाचता वाचता एक गोष्ट स्पष्ट होत गेली. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. पारशी स्त्रियांत तो क्वचित आढळे, पण स्तनाचा कर्करोग मात्र त्यांच्यात इतरांहून पुष्कळ अधिक. १९५१ साली डॉक्टर दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. त्या संस्थेने १९६३ साली मुंबईत सबंध शहराच्या लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची नोंदवही सुरू केली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली नोंदवही. तिच्या आकड्यांनीही हाच फरक दाखविला.

आता या फरकाचा अर्थ काय लावायचा? पारशी समाज लहान. शेकडो वर्षे आपापसांतच विवाह करणारा. तेव्हा हा रक्ताचाच गुण, असे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की, पारशी मुली शिकल्या, लग्ने उशिरा झाली, काहींची झालीच नाहीत, मुले कमी झाली. तेव्हा हा जीवनक्रमाचा परिणाम. या दुसऱ्या उत्तराला जुना आधार होता. सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळात इटलीतील रामाझिनी या वैद्याने ख्रिस्ती जोगिणींत स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो असे नोंदले होते. १९२६ साली इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपन या विदुषीने ५०० रुग्ण स्त्रिया आणि ५०० निरोगी स्त्रिया यांची तुलना केली. मुले कमी, विवाह उशिरा आणि अंगावर पाजण्याचा काळ थोडा असलेल्या स्त्रियांत हा रोग अधिक, असे तिला दिसले. म्हणजे वारसा की वर्तन, हा वाद नुसत्या आकड्यांवर सुटणारा नव्हता. माणसांची लग्ने प्रयोगासाठी लावता येत नाहीत. त्यासाठी उंदीर लागतात.

येथे या कथेत एक पुणेकर मुलगी येते. कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेतले शालेय शिक्षण, फर्ग्युसनमधली पदवी आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम. एस्सी. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीचे मन पेशींत रमले. १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईस आल्या आणि टाटा रुग्णालयात खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि जिवंत पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढविण्याची विद्या शिकून परत आल्या. परदेशी राहण्याचा मोह त्यांना पडला नाही. भारतातील ऊतक-संवर्धनाची पहिली प्रयोगशाळा त्यांनी परळात उभी केली.

त्यांचा मुख्य विषय होता उंदरांतील स्तनाचा कर्करोग. या विषयाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांची सख्ख्या भावंडांत पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून शुद्ध वाण तयार केले. एका वाणातील सारे उंदीर जुळ्या भावंडांइतके सारखे. काही वाणांतील बहुतेक माद्यांना म्हातारपणी स्तनाचा कर्करोग होई. काही वाणांत तो जवळजवळ होतच नसे. वारशाचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? पण १९३३ साली एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कर्करोगी वाणाची मादी आणि निरोगी वाणाचा नर यांच्या संकरातून झालेल्या मुलींना रोग होई. उलट निरोगी वाणाची मादी आणि कर्करोगी वाणाचा नर घेतला, तर मुलींना तो फारसा होत नसे. गुणसूत्रांचाच खेळ असता तर दोन्हीकडून फळ सारखे यावयास हवे होते.

जॉन बिट्नर या संशोधकाने १९३६ साली या कोड्याची उकल केली. कर्करोगी वाणाची पिले जन्मताच आईपासून दूर करून त्याने निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली. त्या पिलांतील रोगाचे प्रमाण झपाट्याने उतरले. रोगाचे एक कारण आईच्या दुधातून येत होते. पुढे सिद्ध झाले की तो एक विषाणू आहे. तरीही विषाणू एकटा काही करीत नव्हता. १९३२ साली फ्रान्समधील लाकासान्य याने नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचले, तेव्हा नरांनाही स्तनाचा कर्करोग झाला होता. म्हणजे वाणाचा वारसा, शरीरातील संप्रेरके आणि दुधातला विषाणू अशी तीन कारणे एकत्र आली की गाठ निर्माण होते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर बी, ओल आणि कीड तिन्ही हवीत.

परळच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंनी हेच सूत्र धरले. रोगास बळी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या वाणांची त्यांनी तुलना केली. त्यांच्या ग्रंथी, त्यांची संप्रेरके आणि त्यांचे दूध तपासले. आणि स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होणारा उंदरांचा एक स्वतंत्र वाण तेथे जोपासला गेला. त्या वाणाला केंद्राच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आय्. सी. आर. सी.’ हे नाव मिळाले. परदेशी वाणांवर अवलंबून न राहता आपल्या देशात हा अभ्यास चालू राहिला, याचे पुष्कळसे श्रेय त्यांना आहे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

या शुद्ध वाणांच्या उंदरांनी आणखी एक दार उघडले. एका उंदराची गाठ दुसऱ्या वाणाच्या उंदरात लावली तर ती रुजत नसे. त्याच वाणाच्या उंदरात मात्र रुजे. असे का, हे शोधता शोधता इंग्लंडमधील गोरर आणि अमेरिकेतील स्नेल यांना आपले-परके ओळखण्याची शक्ती ठरविणाऱ्या जनुकांचा पत्ता लागला. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे नवल वाटेल. डॉगरिजच्या खुंटावर थॉम्सनची काडी तो कलम करतो आणि वेल तक्रार न करता एकजीव होते. माणसाच्या कातडीचा तुकडा मात्र दुसऱ्या माणसाला लावला तर काही दिवसांत काळवंडून गळून पडतो. आपले शरीर परक्याला ओळखते आणि हाकलते. ह्या शक्तीलाच आपण प्रतिकारशक्ती म्हणतो.

याच सुमारास, कर्करोगाशी वरवर संबंध नसलेली एक घटना परळातच घडली. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर य. म. भेंडे, चि. क. देशपांडे व ह. म. भाटिया आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी एक नवा रक्तगट जाहीर केला. काही माणसांचे रक्त वरवर ‘ओ’ गटाचे दिसे, पण ‘ओ’ गटाच्या कोणाचेही रक्त त्यांना चालत नसे. ए, बी, ओ या सर्व गटांच्या तांबड्या पेशींवर जो एक पायाभूत पदार्थ असतो, ज्याला ‘एच्’ म्हणतात, तोच त्यांच्यात नव्हता. त्यामुळे उरलेल्या सर्व माणसांचे रक्त त्यांच्या शरीराला परके! या गटाला पुढे जगभर ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. मुंबईत दर आठ-दहा हजारांत असे एखादे माणूस आढळते. युरोपात तो अतिशय दुर्मिळ आहे.

या रक्तगटाने वारशाची एक महत्त्वाची रीत आपल्या लोकांना घरच्या उदाहरणाने शिकविली. बॉम्बे गटाच्या माणसाचे आईबाप बहुधा साध्याच रक्ताचे असतात. दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत लपलेली असते. दोन्ही प्रती एका मुलात एकत्र आल्या तरच हा गट प्रगट होतो. जवळच्या नात्यातील विवाहांत अशा लपलेल्या प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडील चाल या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. आणि यातला खरा बोध असा की, वारसा कधीच एका बाजूचा नसतो. आईकडून जितका येतो तितकाच बापाकडून येतो.

हा बोध ज्या स्त्रियांना सर्वांत आधी मिळावयास हवा होता, त्यांची गोष्ट आता सांगतो. पहिले मूल धडधाकट होते. दुसरे कावीळ होऊन जाते. तिसरे पोटातच दगावते. ‘हिची मुले जगत नाहीत’ हा शिक्का अशाच घरांत बसत असे. १९३९ साली अमेरिकेत लेव्हिन आणि स्टेट्‌सन यांनी अशाच एका मातेचे रक्त तपासले. १९४० साली लँडस्टायनर व वीनर यांनी आर्-एच् नावाचा रक्तघटक जाहीर केला. मग कोडे सुटले. आईच्या रक्तात हा घटक नसतो, बापाच्या रक्तात असतो आणि मूल तो बापाकडून घेते. पहिल्या बाळंतपणात मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. तिची प्रतिकारशक्ती त्या परक्या घटकाविरुद्ध शस्त्रे तयार करते. पुढच्या गर्भात तोच घटक असला की ती शस्त्रे वार ओलांडून गर्भाच्या रक्तपेशींवर पडतात. आईचा काही दोष नाही. तिचे शरीर आपले नेमलेले काम इमानाने करीत असते. १९६८ पासून एका सुईने हे टाळता येते. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आर्-एच् विरोधी प्रतिद्रव्य टोचले की आईचे शरीर शस्त्रे तयारच करीत नाही. भारतात दर शंभरांत सुमारे पाच माणसांत हा घटक नसतो. लग्नाच्या वेळी पत्रिका जुळविणाऱ्यांनी या साध्या रक्ततपासणीला पाच मिनिटे दिली असती, तर कित्येक पाळणे रिकामे राहिले नसते.

पण मग उलट प्रश्न उभा राहतो, आणि तो अधिक खोल आहे. आईचे शरीर परक्याला ओळखते, तर गर्भ मुळी टिकतोच कसा? गर्भाचा अर्धा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या दृष्टीने परका. पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने १९५३ साली हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. नंतरच्या सत्तर वर्षांच्या संशोधनातून उत्तराचा आराखडा दिसू लागला आहे. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत मुळांसारख्या शिरतात, रक्तवाहिन्या आपल्याकडे वळवितात आणि आईच्या पहारेकरी पेशींना ‘आम्ही शत्रू नव्हे’ अशी खूण दाखवितात. आईच्या प्रतिकारशक्तीचा एक भाग या घुसखोरीला मुद्दाम आवर घालतो, तर दुसरा तिला संरक्षण देतो. हा तोल बिघडला की काही स्त्रियांत गर्भ टिकत नाही, तर काहींत गरोदरपणी रक्तदाब चढतो.

परक्या भिंतीत शिरणे, रक्त आपल्याकडे ओढणे आणि पहाऱ्याला चकविणे ही तिन्ही लक्षणे कर्करोगाच्या पेशींचीही आहेत. वारेला त्या कला निसर्गाने नऊ महिन्यांपुरत्या दिल्या आहेत आणि त्यांना लगामही दिला आहे. कर्करोगात त्याच कला बेलगाम होतात. या दोहोंची गाठ प्रत्यक्ष पडते ती एका विकारात. आपल्या भाषेत त्याला द्राक्षगर्भ म्हणतात, कारण गर्भाशयात मुलाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फुगे भरतात. १९७७ साली जपानमधील काजी आणि ओहामा यांनी दाखवून दिले की, पूर्ण द्राक्षगर्भातील सारी गुणसूत्रे बापाची असतात. आईचा वाटा बीजातून नाहीसा झालेला असतो. म्हणजे वारशाचा तोल ढळला की गर्भाऐवजी नुसती वारच माजते आणि क्वचित तिचा कर्करोग होतो. सुदैव असे की, औषधाने पूर्ण बरा झालेला पहिला पसरलेला कर्करोग हाच. अमेरिकेत ली आणि हर्ट्‌झ यांनी १९५६ साली हे यश जाहीर केले. द्राक्षगर्भ काढल्यानंतर अनेक महिने रक्त तपासत राहावे लागते, ते याचसाठी. ‘पोटात भूत शिरले’ म्हणून देवऋषाकडे नेलेल्या बायकांची आठवण ठेवून ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे.

आता परळच्या उंदरांकडे पुन्हा वळू, कारण त्यांनी उभी केलेली एक भीती अजून निवारावयाची आहे. उंदरांत कर्करोगाचे कारण आईच्या दुधातून येते, तर माणसांत काय? १९७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध आला. अमेरिकेतील डॅन मूर यांच्याबरोबर मुंबईचे डॉक्टर पेमास्टर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या सत्यवती सिरसाट हेही त्याचे लेखक होते. मुंबईच्या पारशी मातांचे आणि घराण्यात स्तनाचा कर्करोग असलेल्या काही अमेरिकन मातांचे दूध तपासले असता, उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण त्यात आढळले होते. ज्या समाजात रोग अधिक, त्याच्याच दुधात कण! वारसा आणि वर्तन यांच्या वादात हे तिसरे उत्तर आता सापडले, असे काही काळ वाटले.

येथे शास्त्राची खरी कसोटी लागली. हा निष्कर्ष धरून घराण्यात कर्करोग असलेल्या मातांनी मुलींना अंगावर पाजू नये असा सल्ला सरसकट दिला गेला असता, तर आपल्या गरीब देशात किती बालके हगवणीने गेली असती याचा विचार करा. पुढे अधिक काळजीने पाहिले गेले. ते कण म्हणजे रोगाचा विषाणू, हे सिद्ध होऊ शकले नाही. आईचे दूध प्यालेल्या मुलींत रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले नाही. उलट २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एकेक वर्षाच्या स्तनपानामागे आईचाच धोका सुमारे चार टक्क्यांनी आणि एकेका अपत्यामागे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. उंदरांत जे दूध रोग देते, ते माणसांत आईला थोडे कवच देते. एका जातीच्या प्राण्यावरून दुसऱ्या जातीविषयी निकाल देताना किती सावध असावे, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. त्या संशोधकांना आम्ही दोष देत नाही. जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे मांडले, म्हणूनच इतरांना ते तपासता आले.

मग वारसा मुळीच नाही काय? आहे, पण तो थोड्या घराण्यांत आहे आणि त्याचे रूप आता नेमके ठाऊक आहे. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्याची वंशावळ काढून कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या कसा येतो ते दाखविले होते. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या विदुषीने त्याचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर निश्चित केले, आणि १९९४ व १९९५ साली बीआरसीए-एक व बीआरसीए-दोन ही जनुके हाती आली. पेशीतील वारशाचा मजकूर फाटला तर तो सांधणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रीत यातील एखादे जनुक जन्मतः बिघडलेले असते, तिला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाही मोठा असतो. परंतु स्तनाच्या एकूण कर्करोगांत असे आनुवंशिक रोग शेकडा पाच ते दहाच. आणि हे जनुक मुलीला बापाकडूनही तितकेच येऊ शकते. तेव्हा ‘तिच्या आईच्या माहेरचा रोग’ असा शोध घेणाऱ्यांनी बापाच्या आत्या आणि आजीचीही विचारपूस करावी. खानोलकरांचे केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले आणि २००२ मध्ये खारघरला गेले. तेथे आज अशा घराण्यांची तपासणी करून त्यांना सल्ला दिला जातो.

स्तनाच्या कर्करोगात वारशाचा वाटा असा मोजता आला, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात प्रतिकारशक्तीचा वाटा उघड झाला. कमलाबाई ज्या जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या, त्यांनीच १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णी अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी काचपात्रात वाढविल्या. त्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. जर्मनीतील हारल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३च्या सुमारास या रोगाच्या गाठींत पॅपिलोमा विषाणू शोधून काढला आणि पुढे त्या जुन्या पेशींतही त्याचा अंश सापडला. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची लागण पुष्कळ स्त्रियांना होते. बहुतेकींची प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत त्याला घालवून देते. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, आणि मग दहा-पंधरा वर्षांनी रोग डोके वर काढतो. एड्सच्या विषाणूने ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्यांना हा धोका अनेक पटींनी जास्त असतो. खानोलकरांच्या वेळच्या आकड्यांतील एका कोड्यावर यामुळे प्रकाश पडला. येथे समाजासमाजांतील फरक मुख्यतः रक्ताचा नसून लागणीचा, विवाहाच्या वयाचा आणि राहणीचा होता.

आणि जे लागणीने येते ते थांबविता येते, हेही महाराष्ट्रातच सिद्ध झाले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा केंद्राच्या सहकार्याने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून तपासणी हाती घेतली. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया या अभ्यासात होत्या. २००९ साली निष्कर्ष आला : आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी आणि दोष आढळल्यास उपचार, एवढ्यानेही या रोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात. ज्वारीच्या शेतातून उठून तपासणीला आलेल्या त्या बायांनी जगाच्या वैद्यकशास्त्राला एक मोठा धडा दिला. आज मुलींना देण्याची लसही उपलब्ध आहे. पुण्यात तयार होणाऱ्या देशी लसीला २०२२ साली मान्यता मिळाली.

श्रोते हो, हा सारा इतिहास आपल्या समोर ठेवण्यात आमचा एक हेतू आहे. आरंभी जी दोन वाक्ये सांगितली, त्यांचा हिशेब आता करता येतो. ‘हिची मुले जगत नाहीत’ या वाक्यात दोष शोधायचा तर तो दोन रक्तांच्या भेटीत आहे, आणि त्यावर उपाय आहे. ‘त्यांच्या घराण्यात तो रोग आहे’ हे वाक्य बहुतेक घराण्यांविषयी खोटे आहे. जेथे ते खरे आहे तेथे ते लपविण्याचे नसून वेळेवर सांगण्याचे आहे, कारण माहीत असलेल्या धोक्यावर लक्ष ठेवता येते. मुलीने आत्याचा आजार डॉक्टरला सांगितला तर तिचा जीव वाचेल. सोयरीक मोडेल या भीतीने घरच्यांनी तो दडविला तर जाईल. वारसा ही कल देणारी गोष्ट आहे. शेवट ठरविण्यात संप्रेरके, लागण, प्रतिकारशक्ती, राहणी आणि वेळेवर घेतलेला सल्ला या सर्वांचा वाटा असतो.

आपल्या नाशकात १९९८ पासून महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातील डॉक्टर त्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. त्यांना परळचा हा इतिहास शिकविला जावा अशी आमची इच्छा आहे. पण त्याहूनही तो आपल्या माजघरात पोचावा अशी अधिक आहे. खानोलकरांनी नोंदी ठेवल्या, कमलाबाईंनी उंदीर पाळले, भेंडे-देशपांडे-भाटियांनी एका थेंबाचा पाठपुरावा केला. त्यांचे कष्ट फळास येण्यासाठी आपल्याकडून फार थोडे हवे आहे. घरातल्या आजाराविषयी मोकळेपणाने बोलावे, तिशी ओलांडलेल्या बायकोची, बहिणीची, आईची तपासणी करून घ्यावी, आणि सोयरिकीच्या बैठकीत कोणी कानाशी लागून ते जुने वाक्य उच्चारले तर त्याला थांबवून विचारावे : ‘तुम्हांला हे कोणी सांगितले, आणि कशावरून?’